आपल्या माणसाचा दाखला

दादासो बंडगर यांच्या मते गेल्या चार-पाच वर्षांत जगाची शिस्त पार बिघडली होती.

पूर्वी माणसं रस्त्यानं येताना दिसायची. लांबून दिसायची, जवळ यायची, हात करायची आणि निघून जायची. हल्ली ती उगवत होती. रस्ता मोकळा, मोकळा, मोकळा, आणि एकदम गाडीच्या नाकाशी मोटारसायकल. पूर्वी कुत्री रस्ता ओलांडायची. आता ती थेट रस्त्याच्या मधोमध जन्माला येत होती. घरातही तेच. दारांच्या चौकटी अरुंद झाल्या होत्या आणि दादासोंच्या उजव्या खांद्यावर बाराही महिने काळानिळा डाग असायचा. तांब्याचं तर विचारू नका. जेवायला बसलं की दादासोंचा हात जिथं जाईल तिथं तो आधीच येऊन बसलेला असायचा आणि कलंडायचा.

"आगं, कितींदा सांगू, तांब्या वाटंत ठिवू नगं म्हणून!"

"ताटाशेजारी ठिवलाय. रोज ठिवते तितंच," सुलाबाई म्हणायच्या.

"मग रोज सांडतोय कसा?"

सुलाबाई फडकं घेऊन पाणी पुसायच्या. पुढं त्यांनी तांब्या ताटाच्या वरच्या अंगाला, अगदी नवऱ्याच्या नाकासमोर ठेवायला सुरुवात केली आणि भांडण मिटलं. संसार असेच टिकतात. कुणीतरी एकानं तांब्या हलवायचा असतो.

दादासोंचं वय त्रेपन्न. कवठे महांकाळच्या पलीकडं माळावरच्या एका वाडीत घर. बापानं आयुष्यभर मेंढरं वळली. दादासोंनी काठी टाकून स्टेअरिंग धरलं. वीस वर्षं द्राक्षांचा ट्रक चालवला. बायको एकटी पडते म्हणून मग एका इंग्रजी शाळेची पिवळी बस घेतली, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. एकतीस पोरं. सकाळी न्यायची, दुपारी आणायची. दारू नाही, तंबाखू नाही, गाडीत गाणी नाहीत. पोरांच्या आया म्हणायच्या, पोरगं एकदा दादासोंच्या गाडीत चढलं की आपण निवांत झोपावं.

त्यांचा अभिमान एका प्लास्टिकच्या पाकिटात होता. आत लायसन, आणि त्यामागं तीन वेळच्या नूतनीकरणाचे तीन वैद्यकीय दाखले. दाखले इंग्रजीत होते. त्यातलं दादासोंना स्वतःचं नाव वाचता यायचं आणि 'फिट' हा शब्द वाचता यायचा. एवढं वाचून ते पाकीट मिटायचे.

आता या दाखल्याबद्दल थोडं सांगायला हवं.

सरकारनं नियम मोठा शहाणा केलेला आहे. जो माणूस पोटासाठी गाडी चालवतो, दुसऱ्यांचे जीव घेऊन रस्त्यावर उतरतो, त्याची ठराविक वर्षांनी पुन्हा पारख व्हावी. आधी तीन वर्षांनी होत होती, आता पाच वर्षांनी होते. डॉक्टरनं त्याला समोर बसवावं, डोळे बघावेत, कान बघावेत, हातपाय बघावेत, आणि मगच सही करावी. आमच्या भागात हा नियम कुणी मोडत नाही. आम्ही नियम मोडणारी माणसं नव्हेत. आम्ही त्यातून फक्त ड्रायव्हर तेवढा काढून घेतो, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवतो. फॉर्म असतो, फोटो असतो, शिक्का असतो, डॉक्टरची झोकदार सही असते. डॉक्टरसमोर बसायला मात्र माणूस लागत नाही.

आणि याला कुणी लबाडी म्हणत नाही. याला ओळख म्हणतात. परिवहन कार्यालयासमोर प्रत्येकाचा कुणीतरी आपला माणूस असतो. तो म्हणतो, तुम्ही कशाला येता, मी बघतो. ज्याला स्वतः जाऊन तपासून घ्यावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, त्याच्याकडं लोक दयेनं बघतात. बिचाऱ्याचं कुणी नाही.

दादासोंचं होतं. सख्ख्या बहिणीचा मुलगा, विश्वजित. बहीण लवकर विधवा झाली तेव्हा पोर चार वर्षांचं होतं; दादासोंनी त्याला खांद्यावर बसवून आपल्या घरी आणलं, शिकवलं, आणि नोकरी लागेना तेव्हा कार्यालयासमोर पत्र्याचं खोकं टाकून दिलं. खोक्यातलं टेबल दादासोंचं, खुर्ची दादासोंची. विश्वजितच्या हाताला गुण होता. चारच वर्षांत खोक्यावर 'विश्व मोटार सेवा' अशी पाटी आली आणि ड्रायव्हर लांबून लांबून येऊ लागले. पण मामाचं काम तो फुकट करायचा, आणि सगळ्यात आधी करायचा.

दोन वर्षांमागं कुणा सेवाभावी लोकांनी ड्रायव्हर मंडळींसाठी डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं. दादासो गेले. दारातच त्यांनी प्लास्टिकचं पाकीट काढून दाखवलं. "ह्ये बघा, सरकारी हाय. आमचं झालंया." शिबिरातल्या पोरीनं कौतुकानं मान डोलावली. दादासोंनी तिथला चहा घेतला आणि परत आले.

बसमध्ये दारापाशी डाव्या बाजूला अंबूबाई बसायच्या. पोरांना चढवायचं, उतरवायचं, वांती झाली तर पिशवी धरायची, हे त्यांचं काम. बाई कामाला चोख, पण तोंडाला क्षणाची उसंत नाही. "दादा, डाव्या अंगानं म्हशी येत्यात." "दादा, उजवीकडं सायकलवाला हाय बरं का, लय येडावाकडा चाललाय." "दादा, ती बगा सुमीची आजी, रस्त्यालाच खेटून उबी ऱ्हायलीया." सकाळी वाडीतून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत हे चालायचं. दादासो मनात म्हणायचे, विधवा बाई, घरी बोलायला कुणी नाही, बोलू दे.

जानेवारीतल्या एका सोमवारी अंबूबाई आल्या नाहीत. वाईला दिलेली त्यांची लेक बाळंत झाली होती, म्हणून पहाटेच्या गाडीनं त्या तिकडं गेल्या होत्या. दादासोंना त्या दिवशी बस कशी देवळासारखी शांत वाटली.

सकाळची फेरी झाली. दुपारी परतताना पोरं उतरत उतरत सातच उरली होती. सरळ रस्ता, दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव, ऊन लख्ख. दादासोंच्या डोळ्यांसमोर रस्ता पार क्षितिजापर्यंत मोकळा होता.

आणि मग गाडीला डावीकडून मऊ, जड असं काहीतरी दणकलं. पुन्हा दणकलं. दादासोंनी सगळा भार ब्रेकवर टाकला. मागं पोरं किंचाळली. बस तिरकी होऊन थांबली, आणि तेव्हा दादासोंना दिसलं की आपण मेंढरांच्या कळपात उभे आहोत.

पोरांना कुणाला खरचटलंही नव्हतं. रस्त्यावर मात्र दोन मेंढ्या पडल्या होत्या. एक निपचित होती, दुसरी पाय झाडत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी काठी टेकून उभी होती. हरणाबाई तिचं नाव. ती रडत नव्हती. बसच्या दाराशी आली आणि तिनं काठीनं पत्रा ठोकला.

"खाली उतर."

दादासो उतरले. आवाज चढाच होता. "मोकळा रस्ता हुता आज्जे! कुटनं आली ही एकदम?"

"एकदम? साठ मेंढरं हायती लेका! साठ! काय साठ मुंग्या हायत व्हय? लांबून काठी हालवाय लागलीया मी, घसा फोडून वराडाय लागलीया. तू सरळ आपला नवरदेवागत पुढंच बगतुयास!"

"मला दिसलं न्हाई."

"कुनाचा रं तू?"

"बंडगराचा. बिरू बंडगराचा."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. "बिरूदाचा? काळोखात नुसत्या खुराच्या आवाजावरनं कंचं मेंढरू लंगडतंया त्ये सांगायचा बिरूदा. आन त्येच्या पोटच्याला दिवसाढवळ्या कळप दिसंना?"

"तुमचं काय नुसकान झालं असंल त्ये भरून देतो, आज्जे."

"देशील की. न देऊन सांगतुयास कुनाला?" म्हातारीनं मेंढीच्या डोक्याशी बसून तिच्या तोंडावर पदर टाकला. "पर त्येच्या आदी डोळं दाखीव कुनाला तरी. मागं लेकरं बसलीयात तुज्या."

त्या रात्री दादासो जेवले नाहीत. मेंढ्यांचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते बापाचं नाव. सकाळी त्यांनी ठरवलं, डोळे तपासून घ्यायचे, चांगला कागद घ्यायचा आणि म्हातारीला नेऊन दाखवायचा. आजवर त्यांच्या हिशेबात कागद यासाठीच असायचा. कुणाच्या तरी तोंडावर मारायला.

शाळेत बदली माणूस सांगून ते कवठे महांकाळला गेले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत डॉक्टर नीलिमा वाघमारे यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. बाई पस्तिशीच्या, आवाज शांत. त्यांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. दादासोंनी तो घडाघडा वाचला, शेवटच्या ओळीतलं एकच अक्षर चुकलं. त्यांनी विजयानं सुलाबाईंकडं पाहिलं. सुलाबाईंनी नजर खाली घातली.

मग डॉक्टरांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या अर्ध्या भांड्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघायचं, आणि आजूबाजूला कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दादासो बटणावर अंगठा ठेवून तयार बसले. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. एकदोनदा मधोमध काहीतरी लुकलुकलं, त्यांनी दाबलं. पुन्हा शांतता.

"डॉक्टरीणबाई," ते शेवटी म्हणाले, "मशीन चालू करायचं ऱ्हायलं काय?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या बसल्या होत्या तिथून भांड्यातले दिवे दिसत होते. डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, एकामागून एक लागत होते आणि विझत होते.

"मशीन चालू आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. मग डॉक्टर समोर खुर्ची ओढून बसल्या, दादासोंना आपल्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. "बोटं दिसतात?"

"कसली बोटं?"

त्या हात हळूहळू मध्ये आणत गेल्या. बोटं दादासोंना दिसली तेव्हा ती डॉक्टरांच्या कानाला लागली होती.

"नळीतून बघितल्यासारखं तुम्हाला दिसतंय. समोरचं स्वच्छ, बाजूचं काही नाही. हा काचबिंदू आहे."

"मोतीबिंदू व्हय? त्ये काढत्यात की आता. आमच्या गल्लीत चार जनांचं काढलं."

"मोतीबिंदू नाही, काका, काचबिंदू. यात गेलेलं परत येत नाही. औषधानं उरलेलं राखता येईल, तेवढं आपण करू." त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटाकडं बोट केलं. ते दादासोंनी सवयीनं टेबलावर ठेवलं होतं. "बघू?"

त्यांनी तिन्ही दाखले वाचले. पाच वर्षांपूर्वीचा दोनदा वाचला.

"हे कुणी तपासलं?"

"डॉक्टरनी."

"कुठं बसून? कसे होते दिसायला?"

गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न दादासोंना कुणी विचारला नव्हता. त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

"मी आत्ता बोटं हलवली ना," डॉक्टर म्हणाल्या, "तेवढं जरी त्या वेळी कुणी केलं असतं तरी कळलं असतं. त्याला मशीनसुद्धा लागत नाही. त्याच्याही आधी, पहिल्या खेपेला कळलं असतं, तर रोज दोन थेंब घालून आज तुम्ही आरामात गाडी चालवली असती. आता नाही चालवता येणार. आजपासूनच."

दादासोंनी एवढंच म्हटलं, "आन मागं पोरं असायची की वो माझ्या." ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कुणालाच कळलं नाही.

एसटीतून परतताना त्यांनी सुलाबाईंना विचारलं, "तुला ठावं हुतं?"

सुलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "काचबिंदू म्हनून न्हवतं ठावं."

"मग?"

"शेजारचं दिसत न्हाई तुमाला, त्ये कळलं हुतं. पाटनच्या लग्नात तुमी वरमाईला खांद्यानं पाडली, तवापासनं."

"चार वरीस झाली त्येला!"

"बोलाय गेलं की तुमी कागद दावायचा," सुलाबाई म्हणाल्या. "सरकार म्हनतंय चांगलं हायत डोळं. मी आडानी. मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय."

अंबूबाई बुधवारी वाईहून परतल्या, पेढे घेऊन. सुलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्या पेढ्यांचा पुडा हातात तसाच धरून ओट्यावर बसल्या.

"मला म्हाईत हुतं, दादा. दोन वर्सं झाली."

"तुमाला बी?"

"मग काय मी उगं बडबडत हुते व्हय सारी वाट? डावीकडं म्हस, उजवीकडं सायकल? घसा बसायचा माझा. रात्री हळद घालून दूध प्यायची." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला वाटायचं, तुमी गेला तर कुनी पिनारा यील, गाणी लावून गाडी हानंल. तुमच्यासारखा सरळ मानूस कुटला मिळायचा? म्हनलं, दोगं मिळून रेटू."

दादासोंनी त्यांच्या हातातला पुडा घेतला आणि बाजूला ठेवला. त्यांना राग आणायचा होता, पण कुणावर आणावा ते कळेना. एकीनं तांब्या हलवला होता, दुसरीनं घसा फोडला होता, तिसऱ्यानं रांगेत उभं राहू दिलं नव्हतं. आयुष्यात कुणी त्यांना एवढं जपलं नव्हतं. आणि या सगळ्या जपणुकीतून हात धरून त्यांना जिथं आणून सोडलं होतं, तिथं डावीकडं काही नव्हतं आणि उजवीकडंही काही नव्हतं. खरं बोलली होती ती एकटी हरणाबाई, जी त्यांची कुणी नव्हती.

त्यांनी बसच्या किल्ल्या शाळेत नेऊन दिल्या. शाळेचे संस्थाचालक म्हणाले, "दाखला आहे ना तुमच्याकडं? मग घाई कसली? वर्ष तर संपू द्या." दादासोंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि नमस्कार करून निघाले.

मग ते विश्वजितकडं गेले.

विश्वजित खुर्चीतून उठला, खुर्ची पुसून मामांना दिली आणि चहा सांगितला. "बरं झालं आला, मामा. तुमचं नूतनीकरण आलंया की पुढच्या महिन्यात. मी करूनच टाकलंय. ह्ये बघा." त्यानं एक कोरा करकरीत कागद पुढं ठेवला. दादासोंनी नाव वाचलं. 'फिट' वाचलं.

"कवा तपासलं मला?"

विश्वजित हसला. "मामा, काय बोलताय!"

"विचारतुया. हितं सही केलेला डॉक्टर कुटं असतो?"

"पुण्याला. लय मोठा मानूस हाय. आदी तो सह्या करून गठ्ठा पाठवून द्यायचा. आता समदं ऑनलाइन झालंय, आता सही बी लागत न्हाई. डॉक्टर तिकडं असतो, त्येचा पासवर्ड हितं असतो." त्यानं मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर टिचकी मारली. "लय सोय झालीया."

"विशू, माझं डोळं गेलं."

विश्वजितच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. दादासोंनी त्याला सगळं सांगितलं. यंत्र, बोटं, थेंब. ऐकता ऐकता तो खाली बसला. त्याला खरोखरच वाईट वाटलं. त्यानं मामांचे दोन्ही हात धरले, आणि मग त्याला जे येत होतं तेच तो करू लागला.

"मामा, ह्ये कुनाला सांगू नका. ह्यो कागद हाय न्हवं? पाच वर्सं निघत्यात. शाळंची गाडी नगं, आपन एकादी हलकी गाडी बघू. गावातल्या गावात. तवर तुमी अठ्ठावन्नचं हुताय, मग बसा निवांत."

"आजून पाच वर्सं?"

"मी हाय की!"

"तूच हायस, त्येच तर झालंय," दादासो म्हणाले. "परक्याचं काम आसतं तर तू म्हनला असतास, जा बाबा, दवाखान्यात जाऊन तपासून ये. मामा म्हनून मला घरात बसीवलंस."

"माझ्या मामाला रांगेत उबा करू? लोकं काय म्हनली असती? मी पैसं बी घेतलं न्हाईत तुमच्याकडनं कवा!"

"घेतलं असतंस तर परवडलं असतं गड्या."

विश्वजितचा आवाज चढला. "तीनशेच्या वर मानसांचं केलंय मी. एकानं तक्रार केली न्हाई आजवर. मलाच दोष देताय, मग तुमी तरी कवा म्हनला का, विशू, मला डॉक्टरकडं जायचंय?"

हे खरं होतं. दादासोंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग नवा दाखला उचलला, त्याची नीट चौघडी घातली आणि खिशात ठेवला. चहा आला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, लायसन काढल्यापासून पहिल्यांदाच, दादासो बंडगर कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. पुढं नऊ जण होते, मागं हळूहळू तेवीस झाले. बरेचसे ओळखीचे. "काय दादा, भाच्याचं दुकान बंद पडलं काय?" कुणीतरी हाळी दिली आणि रांग हसली. दोन तासांनी खिडकी आली.

"नूतनीकरण?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"न्हाई. नकार."

आता मान वर झाली. "काय?"

"मला नकार पायजे. लिवून." त्यांनी डॉक्टर नीलिमांचा दाखला जाळीखालून आत सरकवला.

कारकुनानं तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली. "अहो, यावर अपात्र लिहिलंय."

"व्हय."

"मग दुरुस्त करून आणा."

"दुरुस्त हुत न्हाई म्हनल्यात डॉक्टरीणबाई."

"डोळे नाही हो, काका. दाखला दुरुस्त करून आणा."

दादासो जागचे हलले नाहीत. कारकुनानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, अपात्र आलं तर कुठल्या फाईलला लावतात. बाईंनी आतल्या साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा काढून विचार केला. असा दाखला या खिडकीवर आल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. या खिडकीपुढं उभा राहिलेला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत निघाला होता.

"असं करा," कारकून समजुतीनं म्हणाला, "अर्जच करू नका. पुढच्या महिन्यात मुदत आपोआप संपेल. कशाला उगाच कागद वाढवता?"

"आपोआप संपली तर कुनाला कळनार न्हाई कशानं संपली. आन ह्यो दुसरा अर्ज." दादासोंनी मोठ्या, तिरक्या अक्षरांत स्वतः लिहिलेला कागद आत सरकवला. सोबत तीन जुने दाखले आणि चौघडी घातलेला नवा. "ह्या चारींतल्या एका बी डॉक्टरनं मला बघितलेलं न्हाई. म्या बी त्यास्नी बघितलेलं न्हाई. चौकशी करा."

कारकून वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "यात विश्वजितचं नाव आहे. तुमचा भाचा ना तो?"

"व्हय. म्हनून पैलं त्येचंच लिवलं. त्येच्या खाली माजं हाय, त्ये बी वाचा. म्या बी गेलो न्हवतो तपासाय."

"मामा!"

विश्वजित दारात उभा होता. कुणीतरी त्याला खोक्यातून बोलावून आणलं होतं. दादासोंना तो दिसला नाही. आवाज आला तिकडं त्यांनी सबंध मान वळवली, तेव्हा दिसला.

"मामा, घरी चला. आईला काय सांगू मी?"

"सांग, मामा रांगेत उबा हुता."

रांगेतलं हसणं केव्हाच थांबलं होतं. विश्वजितनं पाठ फिरवली. दादासोंनी मान पुन्हा खिडकीकडं केली. एका हातानं त्यांनी जाळी धरून ठेवली.

कारकुनाला आता वेळ काढायचा होता. जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांवर होती. त्यानं जुने दाखले टेबलावर पसरले आणि खाकरून म्हणाला, "पण हे दाखले तुमचेच कशावरून? ओळखीची खूण बघावी लागेल." त्यानं इंग्रजीवर बोट फिरवलं. "डाव्या गालावर तीळ." मान वर केली. "इकडं बघा जरा."

दादासोंनी गाल जाळीला लावला. तो उन्हानं रापलेला, दाढी केलेला, कोरा गाल होता.

"तीळ कुठाय?"

"न्हवताच कवा."

कारकुनानं दुसरा दाखला पाहिला, तिसरा पाहिला, नवा उलगडून पाहिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं सकाळपासून ट्रेमध्ये जमा झालेल्या अर्जांतला वरचा उचलला आणि नकळत मोठ्यानं वाचला. "डाव्या गालावर तीळ." त्याखालचा उचलला. "डाव्या गालावर तीळ." त्याखालचा. आता त्याचा आवाज बारीक होत चालला होता, पण खोलीत एवढी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

रांगेत एकजण हलला. तो कोंडीबा होता, पंचवीस वर्षं उसाचा ट्रक चालवणारा. त्याचा हात हळूच वर आला आणि त्यानं आपला डावा गाल चाचपला. मग त्याच्या मागच्यानं. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघांनी. एकामागून एक, जिल्ह्याच्या रस्त्यांवर रोज आपल्या सगळ्यांच्या समोरून आणि बाजूनं जाणारी ती माणसं, खिशात आपापले दाखले घेऊन, स्वतःच्या गालावर तीळ शोधत राहिली.

दादासोंना यातलं काही दिसलं नाही. त्यांना समोरची जाळी दिसत होती, जाळीमागचा हात दिसत होता, आणि हाताशेजारचा शिक्का.

"पोच द्या, सायेब," ते म्हणाले. "सुट्टी हुईना का. म्या हितंच उबा हाय."